आहेराची वही आणि परदेशी मदत

यंदाच्या चवथीला गोव्यातल्या आमच्या घरात वाद झाला तो माटोळीवरून नाही, आरतीच्या टायमावरून नाही, तर इंग्लंडच्या टॅक्सवरून. माझा धाकटा चुलतभाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडातल्या स्विंडन शहरात गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, तो चवथीला सुट्टी टाकून आलेला आणि नेवऱ्या खाता खाता म्हणाला, दादा, तिथे माझ्या पगारातून एवढा टॅक्स कापतात आणि तोच पैसा इंडियाला मदत म्हणून पाठवतात, जो देश चंद्रावर यान उतरवतो त्याला कशाला मदत? आमचे काका, आयुष्यभर तारवटी म्हणून बोटीवर काढलेला माणूस, खाली मान घालून खतखतं खात होते ते तिथूनच म्हणाले, "कोणें सांगलें तुका?" आणि मग जे सुरू झालं ते विसर्जनापर्यंत चाललं.

त्यात सगळेच थोडे थोडे बरोबर होते आणि सगळ्यांचंच थोडं थोडं चुकत होतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

पहिला गोंधळ शब्दाचाच आहे. "मदत" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पूर, भूकंप, विमानातून उतरणारी तांदळाची पोती येतात. पण सरकारं ज्याला मदत म्हणतात त्यात फुकट दिलेला पैसा येतो, कमी व्याजाचं कर्ज येतं, तज्ज्ञ पाठवणं येतं, स्कॉलरशिप येते, जुनं कर्ज माफ करणं येतं, आणि आपल्याच देशात आलेल्या निर्वासितांना पहिल्या वर्षी ठेवण्या-जेवण्याचा खर्चसुद्धा येतो. हे सगळं मोजायचे नियम श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेची एक समिती ठरवते. तिच्या हिशेबात बसणाऱ्या मदतीला ओडीए म्हणतात, अधिकृत विकास साहाय्य. या हिशेबात शस्त्रं बसत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कुठल्या देशाला दिलेला पैसा मदत म्हणून मोजायचा याचीही यादी आहे. जागतिक बँकेच्या मापाने एखादा देश लागोपाठ तीन वर्षं श्रीमंत गटात राहिला की त्याचं नाव यादीतून जातं. यादी दर तीन वर्षांनी तपासतात. भारत अजून यादीत आहे, आणि गंमत म्हणजे चीनही आहे. म्हणजे चंद्रावर गेलं की नाव कटतं असं काही नाही, दरडोई उत्पन्न बघतात, आणि आपलं दरडोई उत्पन्न काढताना भागाकार १४० कोटींनी करावा लागतो.

आता आकडा किती? २०२३ साली ही सगळी मदत मिळून सुमारे २२३ अब्ज डॉलर होती. ऐकायला प्रचंड वाटतं. पण १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरलं होतं की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचे ०.७ टक्के द्यावेत, म्हणजे शंभर रुपयांतले सत्तर पैसे, आणि ते आजही नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे बोटावर मोजण्याइतकेच देश देतात. अमेरिका २०२४ पर्यंत रकमेत सगळ्यात मोठी होती, पण उत्पन्नाच्या मानाने २२ पैसेच. तिथल्या लोकांना सर्व्हेमध्ये विचारलं की सरकारी बजेटचा किती भाग परदेशी मदतीला जातो, तर सरासरी उत्तर यायचं पाव भाग. खरा भाग एक टक्क्याच्या आसपास. माझा भाऊ एकटाच नाही तर.

मग हे पैसे जातात कुणाला? सरळ उत्तर असतं तर मजा होती, सगळ्यात गरीब देशाला सगळ्यात जास्त, मग त्याच्या वरच्याला थोडं कमी, असं रेशन कार्डासारखं. तसं अजिबात नाही. माझ्या डोक्यात याचं एकच चित्र आहे, लग्नातल्या आहेराच्या वहीचं. आमच्याकडे मांडवात एक जण वही घेऊन बसायचा, कुणी किती दिलं ते लिहायला. आहेर काय नवरा-नवरीच्या गरजेप्रमाणे येतो होय? तो येतो त्यांनी आपल्या घरी किती घातला होता त्याप्रमाणे, सोयरीक कुठे जुळवायची आहे त्याप्रमाणे, शेताच्या बांधावरून भांडण मिटवायचं आहे का त्याप्रमाणे, आणि हो, काही जण खरोखर मायेनेही घालतात, ते नाही म्हणता येणार नाही. देशांचं असंच आहे. एकाच पाकिटात माया, हिशेब आणि भीती तिन्ही असतं.

मायेपासून सुरू करू, कारण ती खरी आहे. युद्ध, दुष्काळ, रोगराई असलेले देश यादीत कायम वर असतात, अफगाणिस्तान, इथिओपिया, येमेन, काँगो, सीरिया. बांगलादेशही असतो, कारण लोकसंख्या मोठी, पुराचा धोका, आणि वर दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या निर्वासित सांभाळतोय. २००३ साली अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी एड्सच्या औषधांसाठी पेपफार नावाची योजना काढली, मुख्यतः आफ्रिकेसाठी, आणि अमेरिकी सरकारच्याच अंदाजाप्रमाणे त्यातून अडीच कोटी जीव वाचले. अडीच कोटी म्हणजे अख्खा गोवा पंधरा वेळा. बुशबद्दल माझं मत फार चांगलं नाही पण हे त्याच्या खात्यावर लिहायलाच पाहिजे.

आता हिशेब. शस्त्रं ओडीएत मोजत नाहीत हे वर म्हटलं ते इथे लागतं. इस्रायल श्रीमंत देश आहे, ओडीएच्या यादीतून त्याचं नाव केव्हाच गेलं. तरी अमेरिकेने २०१६ साली त्याच्याशी करार केला की २०१९ ते २०२८ या दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर देऊ, सगळे लष्करी. शेजारच्या इजिप्तला वर्षाला १.३ अब्ज डॉलर लष्करी मदत मिळत आली आहे. का? कारण १९७८ साली कॅम्प डेव्हिडला बसून अमेरिकेने दोघांची दिलजमाई केली, ७९ साली तह झाला, आणि तेव्हापासून ती शांतता टिकावी म्हणून हप्ता चालू. जॉर्डनलाही भरपूर मिळते, २०२२ च्या करारात वर्षाला १.४५ अब्ज डॉलर ठरले होते. नकाशा उघडून बघा, जॉर्डनकडे ना तेल ना पाणी, पण एका बाजूला इस्रायल, एका बाजूला सीरिया, एका बाजूला इराक. घर लहान पण जागा मोक्याची. आमच्याकडे हायवेला लागून असलेल्या दोन गुंठ्यांना जो भाव असतो तोच प्रकार.

हे अमेरिकेने आज शोधलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप मोडून पडला होता, १९४८ ते ५२ या काळात अमेरिकेने मार्शल प्लॅनखाली तिथे सुमारे १३ अब्ज डॉलर ओतले, तेव्हाचे. सगळ्यात जास्त वाटा ब्रिटनला. दया होतीच, पण युरोप उपाशी राहिला तर कम्युनिस्टांच्या बाजूला झुकेल ही भीतीही होती, आणि युरोप सावरला तरच अमेरिकन माल घेणार हाही विचार होता. गोंयकारांसाठी गंमत म्हणजे हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालने आधी ताठ्यात आम्हाला गरज नाही सांगितलं आणि वर्षभरात मुकाट्याने मदत घेतली. तेव्हा आपण त्याच्याच राज्यात होतो.

मदत देणं जसं हत्यार तसं थांबवणं हेही. १९९० साली इराकने कुवेत गिळला, त्याच्याविरुद्ध लष्करी बळ वापरायला परवानगी देणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला. येमेन तेव्हा परिषदेचा सदस्य होता, त्याने क्यूबाबरोबर विरोधात मत दिलं. लगेच अमेरिकेकडून येणारी सुमारे ७ कोटी डॉलरची मदत गेली, आणि हे तुमचं सगळ्यात महागडं "नाही" ठरेल असं त्यांच्या प्रतिनिधीला तिथल्या तिथे ऐकवलं गेलं. हे एकदाच घडलं असंही नाही. २००६ साली दोन अभ्यासकांनी जुने आकडे मांडून दाखवलं की एखादा देश दोन वर्षांसाठी सुरक्षा परिषदेचा तात्पुरता सदस्य झाला की त्याला मिळणारी अमेरिकी मदत सरासरी ५९ टक्क्यांनी वाढते आणि मुदत संपली की पुन्हा खाली येते. दोन वर्षांत देशाची गरिबी वाढून परत कमी होते का हो? पंचायतीच्या निवडणुकीआधी वाड्यावरच्या रस्त्यावर अचानक हॉटमिक्स पडतं ना, तसं.

छोट्या बेटांचं गणित तर याहून मजेशीर. डोईमागे मदत काढली तर पॅसिफिकमधली तुवालू, नाउरू, मायक्रोनेशिया अशी बेटं यादीत सगळ्यात वर येतात. तुवालूची लोकसंख्या जेमतेम ११ हजार, आमच्या डिचोली शहरात याहून जास्त लोक असतील. एक तर इतक्या थोड्या लोकांसाठीही विमानतळ, इस्पितळ, बंदर लागतंच, खर्च कमी होत नाही, समुद्राची पातळी वाढतेय ते वेगळंच. पण दुसरं कारण असं की संयुक्त राष्ट्रांत भारताचं मत एक आणि तुवालूचंही मत एकच. तैवानला देश म्हणून मान्यता देणारे फार थोडे उरलेत, त्यातले बरेच असे छोटे, आणि चीन व तैवान दोघेही त्यांना आपल्याकडे ओढायला बघतात. नाउरूने २०२४ च्या जानेवारीत तैवान सोडून चीनचा हात धरला. याआधीही त्यांनी बाजू बदललेली होती. लहान माणसाकडे विकायला मतच असेल तर तो मतच विकणार, त्याला नावं ठेवायला आपण कोण.

मग जुनी नाती. फ्रान्सची मदत फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकेकडे जास्त वळते. आणि पोर्तुगाल? त्याचा पैसा मोझांबिक, केप व्हर्दे, गिनी-बिसाउ, साओ टोमे, अंगोला आणि पूर्व तिमोर इथेच मुख्यतः जातो, म्हणजे जिथे जिथे त्यांचं राज्य होतं आणि जिथे आजही सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये निघतात. आमच्या गावातल्या काही घरांचे आजोबा-पणजोबा नोकरीसाठी मोझांबिकला गेलेले, त्यांना ही नावं नवीन नाहीत. पोर्तुगाल १९६१ साली ओईसीडीच्या या मदत देणाऱ्यांच्या समितीत पहिल्यापासून होता, ७४ ला तिथे क्रांती झाल्यावर बाहेर पडला, ९१ ला परत आला. १९६१! एकीकडे आम्हाला मुक्त करायला भारताला सैन्य पाठवावं लागलं आणि त्याच वर्षी हे गृहस्थ जगाचा विकास करणाऱ्यांच्या पंगतीत बसलेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केनेडींनी यूएसएड ही अमेरिकेची मदत संस्था काढली, डिसेंबरात गोवा मुक्त झाला. योगायोगच, पण मला तो आवडतो.

आता धंदा. हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो कारण तो आमच्या दाराशी आहे.

डिचोली-साखळीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, खाणीची माती कुठे जायची, तर सांगतील जपानला. बार्जमधून मांडवीतून मुरगावला, तिथून बोटीत. पन्नासच्या दशकात, म्हणजे पोर्तुगीज असतानाच, गोव्याचं लोहखनिज जपानच्या पोलाद कारखान्यांत जाऊ लागलं होतं. युद्धात बेचिराख झालेल्या जपानला दोन गोष्टी हव्या होत्या, कच्चा माल आणि आपला माल घेणारं गिऱ्हाईक. १९५८ साली जपानने आयुष्यातलं पहिलं येन-कर्ज दिलं ते भारताला. तेव्हापासूनची ही सोयरीक आजही चालू आहे, दिल्ली मेट्रो, मुंबईचा अटल सेतू, मुंबईची भुयारी मेट्रो, सगळीकडे जपानच्या जायका या मदत संस्थेचं कर्ज. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं कर्ज तर ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांत फेडायचं आणि पहिली १५ वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही. कुठली बँक देईल असं? पण मूळ तंत्रज्ञान जपानचं. कर्जाचा काही पैसा फिरून घरीच जातो.

गोव्यातही २००७ साली पाणीपुरवठा आणि सांडपाणी योजनेसाठी जायकाचं सुमारे २२.८ अब्ज येनचं कर्ज मंजूर झालं, साळावलीचं पाणी वाढवायचं आणि मडगावसारख्या शहरांत मलनिस्सारण करायचं म्हणून. लोक बोलताना "जायकाचं काम" म्हणतात, जणू जायका नावाचा कोणी कॉन्ट्रॅक्टर आहे. ती जपान सरकारची मदत संस्था, आणि ते दान नाही, फेडायचं कर्ज आहे, सवलतीचं. ओईसीडीच्या हिशेबातही आता अशा कर्जाची पूर्ण रक्कम मदत म्हणून लिहीत नाहीत, बाजारभावापेक्षा जेवढी सवलत दिली तेवढाच भाग लिहितात, २०१८ च्या आकड्यांपासून हा नियम आला. आधी पूर्ण रक्कम लिहायचे आणि फेडलेली वजा करायचे. शेजाऱ्याला दहा हजार उसने देऊन गावभर दहा हजारांची मदत केली सांगत फिरण्यातलाच प्रकार तो.

मदतीच्या बदल्यात आपला माल खपवायचा, याला मदत "बांधलेली" असणं म्हणतात. यातलं सगळ्यात बदनाम प्रकरण मलेशियातल्या पेर्गाउ धरणाचं. ब्रिटनने त्या धरणाला २३.४ कोटी पौंड दिले, त्यांच्याच अधिकाऱ्यांनी हे धरण परवडणारं नाही म्हणून सांगितलं असतानाही, कारण पाठीमागे मलेशियाला शस्त्रं विकण्याचा मोठा सौदा होता. १९९४ साली लंडनच्या हायकोर्टाने ही मदत बेकायदेशीर ठरवली. आणि अमेरिकेचं बघा, तिकडच्या कायद्याप्रमाणे धान्याच्या मदतीतलं किमान निम्मं अमेरिकन झेंड्याच्या बोटींतूनच न्यावं लागतं, ती भाडी महाग, म्हणजे भुकेल्या माणसाच्या ताटातला घास बोटवाल्याकडे. हे सांगितलं तेव्हा आमचे काका हसले, म्हणाले, अमेरिकन बोटीवर पगार चांगलो बाबा.

यात आपण स्वतः कसे भाजलो होतो तेही सांगायला हवं. माझ्या आजीचं माहेर सोलापूरकडचं, ती रेशनवरच्या लाल गव्हाचं सांगायची, चपाती रबरासारखी व्हायची म्हणायची. तो अमेरिकेचा गहू, पीएल-४८० या १९५४ च्या कायद्याखाली आलेला. अमेरिकेत गव्हाचे ढीग साठले होते, शेतकऱ्यांना भाव द्यायचा तर ते कुठेतरी खपवायला हवेत, आणि आपण भुकेले. आपण डॉलरऐवजी रुपयात पैसे द्यायचे, सोय दोघांची. १९६५ आणि ६६ ला लागोपाठ दुष्काळ पडला तेव्हा ६६ साली जवळपास एक कोटी टन धान्य बाहेरून आलं, बंदरात बोट लागायची आणि धान्य थेट लोकांच्या तोंडात. शास्त्रीजींनी त्याआधीच सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणून देशाला सांगितलं होतं. आणि नेमकं त्याच वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची दोरी हातात आखूड धरली, एकदम कबूल करायचं नाही, महिन्या-महिन्याचं सोडायचं. आपण शेतीत सुधारणा कराव्यात हे एक, आणि व्हिएतनाम युद्धावर आपण टीका करत होतो तो राग दुसरा. हरितक्रांती इतक्या जिद्दीने झाली त्यामागे हा अपमान होता असं मला ठाम वाटतं. १९७४ साली त्या साठलेल्या रुपयांतला मोठा भाग माफ करून अमेरिकेच्या राजदूताने भारताला १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला, तो तेव्हा जगातला सगळ्यात मोठ्या रकमेचा चेक होता. त्या गव्हाबरोबर काँग्रेस गवत आलं असं आपल्याकडे सरसकट म्हणतात, पन्नासच्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि पसरलं हे खरं, आता तर आमच्या रस्त्याच्या कडेलाही आहे.

आता भाऊ म्हणतो त्याकडे येऊ. भारताने २००३ साली सांगून टाकलं की मोजक्या मोठ्या देशांशिवाय बाकीच्यांची सरकारी मदत नको. २००४ च्या त्सुनामीत आपल्याकडे हजारो माणसं गेली तरी परदेशी सरकारांची मदत घेतली नाही, उलट नौदलाची जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला पाठवली. २०१८ च्या केरळच्या पुरातही परदेशी सरकारांचा पैसा नाकारला, तेव्हा केरळात बरीच नाराजी झाली होती. ब्रिटनने २०१२ साली जाहीर करून २०१५ पर्यंत भारताला थेट दिलं जाणारं अनुदान बंद केलं. त्यानंतर जे येतं त्यात मोठा भाग गुंतवणुकीचा आहे, ब्रिटन सरकारची एक गुंतवणूक संस्था इथल्या कंपन्यांत पैसे घालते आणि नफ्यासकट परत मिळावेत अशी अपेक्षा ठेवते. ते आकड्यात मदत म्हणून दिसतं, म्हणून तिकडचे पेपर दर दोन वर्षांनी चांद्रयानाचा फोटो छापून बोंबलतात.

आणि भावाच्या टॅक्सचा पैसा गेला कुठे म्हणाल तर बऱ्यापैकी त्याच्याच देशात. निर्वासितांचा पहिल्या वर्षाचा खर्च मदतीत धरता येतो हे आठवतंय? २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत ब्रिटनच्या मदत बजेटचा पाव भागापेक्षा जास्त हिस्सा ब्रिटनमध्येच खर्च झाला, आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलांची बिलं वगैरे. हे ऐकून तो गप्प बसला. मग म्हणाला, आमच्या तिथल्या एका हॉटेलात असे लोक ठेवलेत खरे.

बरं, भारत घेतो कमी आणि देतो किती? आपल्या परराष्ट्र खात्याच्या बजेटमध्ये सगळ्यात मोठा आहेर भूतानचा, २०२५-२६ साठी सुमारे २,१५० कोटी रुपये. लोकसंख्या आठ लाखांच्या आत. नकाशा बघितला की प्रश्न उरत नाही, वर चीन, खाली आपला सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा. शिवाय तिथे भारताने जलविद्युत प्रकल्प बांधून दिले, चुखा हा पहिला मोठा, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज, आणि वीज आपणच विकत घेतो. मालदीवला त्याच बजेटात ६०० कोटी, आणि तिथे "इंडिया आउट"च्या घोषणा देऊन सरकार आलेलं असतानाही मदत थांबवली नाही, कारण आपण सोडलं की ती जागा कोण घेणार हे माहीत आहे. श्रीलंका २०२२ साली दिवाळखोर झाली, पेट्रोलला रांगा, तेव्हा भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचा टेकू दिला. त्याच श्रीलंकेने चिनी कर्जातून बांधलेलं हंबनटोटा बंदर २०१७ साली ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला भाड्याने दिलं होतं. आणि आपण साधेभोळे आहोत असंही नको समजायला, आपली एक्झिम बँक आफ्रिकेतल्या वगैरे देशांना सरकारी कर्ज देते त्यात साधारण ७५ टक्के माल नि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. जपानकडून शिकलो म्हणा हवं तर.

या सगळ्याने काही होतं का, हा प्रश्न आमच्या आत्याने विचारला, तीच खरी हुशार. होतं, पण नेहमी नाही. दक्षिण कोरिया पन्नासच्या दशकात अमेरिकेच्या मदतीवर जगत होता, २००० साली घेणाऱ्यांच्या यादीतून नाव गेलं आणि २०१० साली तो देणाऱ्यांच्या समितीत बसला, असं फारच थोड्यांना जमलं. उलट अफगाणिस्तान. तिथे २०२१ आधी सरकारच्या खर्चातला तीन चतुर्थांश भाग बाहेरच्या अनुदानातून यायचा. तालिबान आले, नळ बंद झाला, शिक्षकांचे डॉक्टरांचे पगार थांबले, रोगी तिथेच. ज्या सरकारला आपल्याच लोकांकडून टॅक्स घ्यायचा नसतो त्याला लोकांना उत्तर द्यायची सवयही लागत नाही, ही मला मदतीची सगळ्यात वाईट बाजू वाटते.

आणि नळ बंद होणं फक्त काबूलपुरतं राहिलेलं नाही. युक्रेनवर २०२२ साली हल्ला झाल्यावर तो एकदम मदतीच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला, २०२३ लाही तोच, युरोपला ते आपल्या अंगणातलं युद्ध. मग सलग पाच वर्षं वाढलेली एकूण मदत २०२४ ला घटली, सुमारे ७ टक्क्यांनी. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी परत आल्या आल्या ९० दिवस परदेशी विकास मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएड अधिकृतपणे गुंडाळून उरलेलं परराष्ट्र खात्यात टाकलं. केनेडींची १९६१ ची संस्था, चौसष्ट वर्षं पण पूर्ण झाली नाहीत. ब्रिटनही ०.७ वरून २०२१ ला ०.५ वर आलेलाच होता, आता २०२७ पर्यंत ०.३ वर आणणार, वाचलेला पैसा संरक्षणाला. म्हणजे भावाची तक्रार लवकरच आपोआप मिटेल.

काकांनी शेवटी एक गोष्ट विचारली ती मला सुचली नव्हती. म्हणाले, आम्ही बोटीवरून घरी पैसे धाडायचो ते कुठल्या यादीत? कुठल्याच नाही. पण २०२३ साली परदेशात राबणाऱ्या लोकांनी गरीब आणि मध्यम देशांतल्या आपल्या घरी पाठवलेला पैसा जागतिक बँकेच्या हिशेबाने सुमारे ६५६ अब्ज डॉलर होता, सगळ्या सरकारी मदतीच्या जवळजवळ तिप्पट. त्याला कुणी सुरक्षा परिषदेतलं मत विचारत नाही. काकींनी गेल्या मे महिन्यात पावसाआधी घरावरचे नळे काढून नवीन छप्पर घातलं ते स्विंडनच्या पैशातूनच, आणि ज्या खोलीत आम्ही हा सगळा वाद घालत बसलो होतो ती यंदा गळत नव्हती.